दोन उत्तरं

बुधवारी, दवाखाना मिटता मिटता,
एव्हारिस्त बार्रेटो तिला हातगाडीतून घेऊन आला.
बांधकामावरची, सिमेंट चिकटलेली गाडी,
आत अंथरलेला कुठल्याशा जहाज कंपनीचा टॉवेल.
सात वर्षांची. रंग भाजल्या काजूचा. नाव बूसोला.
"बूसोला म्हणजे होकायंत्र," त्यानं मला मराठीत समजावलं,
मग आपल्या भाषेत, "तीस वर्सां तारवार काडलीं हांवें."

कानाच्या घडीत गोचिडी, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी,
एरंडाच्या बियांसारख्या टंच.
हिरड्या धुतल्या शिंपल्याच्या रंगाच्या.
पोटाच्या कातडीवर जांभळे ठिपके, कुणी पेन झटकल्यासारखे.
ताप एकशे चार.
कुडचड्यात थंडी सरू लागली की मी हे दिवसाला चारदा लिहिते,
झोपेतही लिहीन: गोचीडताप.
प्लेटलेट अठरा हजार. पट्टीवर दुसरी रेघ उमटली.
सापडलं.
पेनाला टोपण लावलं.

सापडण्याला एक मऊ गादी असते.
मी टेकले तिच्यावर.

तो जाईना. दारात हातगाडीचा दांडा धरून म्हणाला,
"पूण दोतोर, तें उदक पिता.
रातभर पिता. बांय सोंपयतलें."

कागद पुन्हा उलगडला.
पांढऱ्या पेशी: अकरा हजार दोनशे.
अगदी बरोबर.
इतका बरोबर आकडा या कुत्रीच्या अंगात
यायचं काही कारण नव्हतं.
गोचिडीनं एवढं उपसल्यावर तो खाली बसायला हवा होता.
मग वर कोण धरून ठेवतंय त्याला?
दोघं एकच दोर दोन टोकांनी सारखाच ओढू लागली
तर मधली गाठ हलत नाही,
आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं
दोर नुसता पडलाय.

काच रंगवली, तेलाचा थेंब सोडला.
एका पेशीच्या पोटात तुतीच्या फळासारखा जांभळा घोस.
हा गोचिडीचा. ओळखीचा.
पण बाजूनं कच्च्या पेशी, कितीतरी,
केंद्रं घोड्याच्या नालासारखी वाकलेली,
पिकायच्या आधीच बाहेर हाकललेल्या.
त्यांना ज्यानं बोलावलं
तो या काचेवर नव्हता.

"माजावर कधी आली होती?"
तो बोटं मोजू लागला, मग लाजला.
"सायबाच्या फेस्ताक. दोन म्हयने जाले."
शेपटीखाली कोरडं, स्वच्छ. एक थेंब नाही.
म्हणजे दार आतून बंद.

पोटावर जेल लावून यंत्र फिरवलं.
पडद्यावर काळ्या, फुगलेल्या नळ्या, वळणावर वळणं.
एव्हारिस्त माझ्या खांद्यावरून वाकला.
"चोरिसां," तो म्हणाला.
चुलीवर धुरात टांगलेली माळ.
मी हो म्हटलं. पू होता, गर्भाशयभर.

होकायंत्राला उत्तर एकच असतं.
हिला दोन होती,
आणि मी पहिल्याशीच नांगर टाकला होता.

आता कापावं तर रक्त थांबायचं नाही,
थांबावं तर पू थांबायचा नाही.
साडेदहाला तिळामळहून प्रेमावती फळदेसाई गाऊनवरच आल्या,
सोबत त्यांचा चौतीस किलोचा काळा दांडगा.
त्यानं मान पुढे करून रक्त दिलं, बिस्किटांचा पुडा संपवला
आणि टेबलाखाली घोरू लागला.
ते रक्त तिच्यात थेंब थेंब उतरेपर्यंत
एव्हारिस्त बाटलीकडे बघत राहिला,
जहाजावर रात्रपाळीत बघतात तसा.

मग कापलं. वजनकाट्यावर दोन किलो शंभर.
टाके हळूहळू घातले, प्रत्येक धमनी दोनदा बांधून.

पहाटे ती उठली नाही, पण डोळे उघडे होते.
भांड्यातलं पाणी अर्धं शिल्लक.
एव्हारिस्त बाकावर झोपलेला, पाय हातगाडीत.

मी बुधवारचं रजिस्टर काढलं.
सकाळपासून चौघांना गोचीडताप लिहिला होता,
त्यात दोघी माद्या.
साडेसहाला पहिला फोन लावला,
पलीकडून झोपेतला आवाज.
"एवढंच सांगा," मी म्हटलं,
"पाणी किती पिते?"